पाच नावाचा चिकू

आमच्या घरातलं पाळणाघर माझ्या बायकोचं होतं. मी त्या घरात नुसता राहत होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो आणि सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेली. फर्स्ट शिफ्टला पहाटे निघायचो तेव्हा पोरं यायची असायची. सेकंडला निघायचो तेव्हा ती रांगेत जेवायला बसलेली असायची. नाइट करून आलो की मागच्या खोलीत डोक्यावर उशी घेऊन झोपायचो. पुढच्या खोलीतून टाळ्या ऐकू यायच्या, कोणी रडायचं, कोणी घसा ताणून आकडे म्हणायचं. पोरं सांभाळणं म्हणजे पोरांना पडू न देणं, अशी माझी समजूत होती. तळमजल्यावर राहत असल्याने पडून पडून कुठे पडणार, असंही वाटायचं.

निवृत्त झालो, आणि दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील, बायको मोरीत घसरली. घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिला पलंगावर नीट बसवलं आणि मी म्हणालो, "पोरांच्या घरी फोन करून टाकू. बरी होईपर्यंत बंद."

"आणि तोवर त्यांनी पोरं कुठे ठेवायची?"

"काहीतरी बघतील."

"त्यांचं बघून झालंय, म्हणूनच तर इथे ठेवतात," ती म्हणाली. "तुम्ही आहात ना घरात. मी इथून सांगत जाईन."

पलंग अशा जागी होता की दार उघडं ठेवलं की तिला पुढची अर्धी खोली दिसायची. पुढचे कित्येक दिवस तिने त्या दारातून मला चालवलं.

मुलं चार होती. दोन सख्ख्या बहिणी, त्यातली धाकटी जेमतेम दोन वर्षांची. एक मुलगा, ज्याचे आईवडील उत्तरेकडून येऊन इथल्या कापडाच्या कारखान्यात लागले होते. तो हिंदी बोलायचा आणि मराठी सगळं समजायचा. आणि चौथी एक मुलगी, जिच्याबद्दल मला मुख्यतः सांगायचं आहे. ती तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या एका कोळी घरातली. बाप बोटीवर, आई बोईसरच्या बाजारात मासे विकायची. सकाळी शेअर रिक्षातून टोपली आणि पोर दोन्ही घेऊन उतरायची, पोरीला आमच्या दारात सोडायची आणि टोपली डोक्यावर घेऊन पुढे जायची. मुलीला चार वर्षं पूर्ण व्हायला आली होती.

पहिल्याच सकाळी आईने मला दारात गाठलं. "आबा, आजी पडल्या. मग तुमी शिकवाल ना पोरीला? जूनमध्ये शाळेत घालायची हाय. तिथं आकडे विचारतात म्हनं."

"शिकवतो की," मी म्हणालो. एक ते वीस शिकवण्यात काय आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

आणि खरंच त्यात काही नव्हतं. मी खुर्चीत बसायचो, मुलांना समोर बसवायचो आणि म्हणायचो, त्यांनी मागून म्हणायचं. त्या मुलीचा गळा मोकळा आणि लक्ष तेज. आठवड्याच्या आत ती वीसपर्यंत न अडखळता म्हणू लागली. बारा-तेरा-चौदाला एक गिरकी घ्यायची आणि विसाला जमिनीवर बसायची. मी बायकोला म्हणालो, "बघ, झालं. तू वर्षभर काय करत होतीस?"

ती हसली. "तिला विचारा, ताटलीत चिकू किती आहेत."

माझं मूळ गाव माकुणसार. भावाची वाडी अजून तिथे आहे आणि त्याच्याकडून चिकूची पेटी येत असते. मी ताटलीत पाच चिकू एका ओळीत मांडले आणि तिच्यापुढे ठेवले.

"किती आहेत?"

तिने एकेकाला बोट लावलं. "एक, दोन, तीन, चार, पाच."

"शाब्बास. मग किती झाले?"

"एक, दोन, तीन, चार, पाच."

"ते बरोबर. पण किती?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आजोबांना ऐकू कमी येत असेल असं समजून जरा मोठ्याने म्हणाली, "एक, दोन, तीन, चार, पाच."

मला वाटलं पोर खोडी काढते आहे. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "अहो, तिला म्हणा, पाच दाखव."

"पाच दाखव," मी म्हणालो.

तिने ओळीतला शेवटचा चिकू उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा पाच हाय."

मी तो चिकू घेऊन ओळीच्या सुरुवातीला ठेवला आणि तिला पुन्हा मोजायला सांगितलं. तिने मोजलं आणि पहिल्याच बोटाला थांबली. मघाचा पाच आता एक झाला होता. तिने माझ्याकडे जराशा नाराजीने पाहिलं, एखाद्याचं नाव मी उगाच बदलून टाकल्यासारखं.

दुपारी मुलं झोपल्यावर मी बायकोच्या पलंगाशी जाऊन बसलो. "हिला वीसपर्यंत येतं आणि पाच म्हणजे काय ते माहीत नाही. हे कसं काय?"

"ते तिचं गाणं आहे," ती म्हणाली. "आपल्याला आठवड्याचे वार पाठ असतात, तसं. आणि बोट लावत म्हणायचं असतं, हेही तिला कळलंय. पण पाच हे तिला त्या शेवटच्या चिकूचं नाव वाटतं. सगळे मिळून पाच, हे अजून यायचंय."

"मग ते शिकवायचं कसं?"

"ते शिकवता येत नाही. येतं."

हे उत्तर मला काही पटलं नाही. कारखान्यात येतं-बितं काही नसतं. शिकवावं लागतं, नाहीतर कोणाचा तरी हात जातो. पण मी तिथे बसल्या बसल्या विचार करू लागलो. माझं सगळं आयुष्य आकडे बघण्यात गेलं. टाकीची पातळी, वाफेचा दाब, तापमान. काटा कुठे आहे ते बघायचं आणि लिहायचं. आता माझ्यापुढे साधा प्रश्न होता. पाच हा त्या शेवटच्या चिकूत नाही, हे मला माहीत होतं. पहिल्यातही नाही. ताटलीत नाही. चिकू खाऊन टाकले तरी पाच उरतोच. पाच बोटांत तो असतो, पाच बटणांत असतो. मग तो आहे कुठे? ती मुलगी जे बघू शकत नव्हती ते मी नेमकं कुठे बघत होतो? मला सांगता येईना. साठीला आलेला माणूस मी, आणि पाच म्हणजे काय हे एका पोरीला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून बायकोने माझं पाठांतर बंद केलं. म्हणाली, रोजची कामं त्यांच्याकडून करून घ्या, बाकी काही करू नका. जेवायच्या आधी सगळ्यांना पाणी कोण देणार? ही मुलगी. चपला जोडीने लावायच्या. वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकायचे. भेंडी चिरताना मुलांकडे मागायच्या, दोन दे, तीन दे. आणि दिवसातून एकदा शब्दांच्या टाळ्या: शब्द तोडून म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला टाळी. बो-ई-सर, तीन टाळ्या. पाल-घर, दोन. वाण-गाव, दोन. तो मुलगा यात सगळ्यांच्या पुढे असायचा. एकदा त्याने आपणहून 'स-मो-सा' केलं आणि मग खोलीभर फिरून पंखा, खिडकी, आबा, आजी असं सगळ्यांना टाळ्यांत कापत सुटला.

"याने काय होतं?" मी विचारलं.

"शब्दाला आत तुकडे असतात, हे कानाला कळतं. मग पुढे अक्षर आलं की त्याला बसायला जागा तयार असते."

ती हे सगळं कुठे शिकली होती? कुठेच नाही. एवढी वर्षं मुलं बघत बघत तिचं तिलाच कळत गेलं होतं.

पाण्याचं काम सुरुवातीला बघवत नसे. आमच्याकडे स्टीलचे छोटे ग्लास आहेत. मुलगी स्वयंपाकघरात जायची आणि हातात मावतील तेवढे घेऊन यायची. कधी दोन कमी पडायचे, कधी एक जास्त व्हायचा. कमी पडला की परत जायची, पुन्हा मूठभर आणायची. तिला त्यात काही गैर वाटत नसे. मी दोन-तीनदा म्हणालो, "अगं, मोजून आण की." तिने लगेच वीसपर्यंत आकडे म्हटले, आणि ग्लास आणले हातात मावतील तितकेच.

"थांबा," आतून आवाज यायचा. "सांगू नका."

म्हणून मी बघत बसायला शिकलो. आणि बघायला लागल्यावर दिसू लागलं.

सुरुवातीला तिला फक्त एक येत होता. 'एक चिमटा दे' म्हटलं की एकच देणार, कधी चुकणार नाही. दोन मागा, तीन मागा, सहा मागा, मूठ भरून येणार. म्हणजे तिच्या जगात दोनच गोष्टी होत्या, एक आणि पुष्कळ. असंच बरेच दिवस चाललं. मग एके सकाळी मी भेंडी चिरत होतो. तिला म्हणालो, "दोन दे." तिने दोन दिल्या. मला वाटलं योगायोग. पुन्हा मागितल्या, पुन्हा दोन. तीन मागितल्या तर मूठ. त्या दिवसापासून दोन तिच्या हातात आला तो आलाच. तिला सगळीकडे दोनच दिसू लागले. माझे डोळे दोन, चपला दोन, दाराच्या फळ्या दोन, आजीचे पाय दोन, त्यातला एक पांढरा.

याच दोनावरून तिचं आणि त्या मुलाचं कडाक्याचं भांडण झालं. तो आपल्या चपला दाखवून म्हणाला, "दो हैं."

"दोन हायत," ती म्हणाली.

"दो."

"दोन."

प्रकरण केस ओढण्यापर्यंत गेलं. मी मध्ये पडलो पण निवाडा काय करावा सुचेना. प्लास्टर निघून बायको तेव्हा काठी घेऊन थोडी चालू लागली होती. ती दारात आली आणि म्हणाली, "त्याच्या घरी दो म्हणतात, तुझ्या घरी दोन म्हणतात. चपला तेवढ्याच."

मुलीने चपलांकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. मग बसून एका चपलेवर एक हात आणि दुसरीवर दुसरा हात ठेवला आणि हळू म्हणाली, "दो." मग म्हणाली, "दोन." असं तीन-चार वेळा केलं. नावं बदलत होती आणि हाताखाली काहीच बदलत नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथे त्या वेळी काय घडत होतं ते मला माहीत नाही, पण काहीतरी घडत होतं एवढं दिसत होतं.

तीन यायला आणखी वेळ लागला, पण आला. प्लास्टर निघालं तरी बायकोचा पाय संध्याकाळी सुजायचा, म्हणून पुढची खोली माझ्याकडेच राहिली होती. खरं सांगायचं तर आता कोणी मला तिथून उठवलं असतं तरी मी उठलो नसतो. फर्स्ट शिफ्टला जाताना कधी वाटली नाही इतकी ओढ मला सकाळची वाटू लागली होती.

होळीच्या आसपासची गोष्ट. दुपारी जेवायची वेळ. आमटी-भात वाढून मी मुलांना रांगेत बसवलं होतं. बायको खुर्चीत, पाय स्टुलावर. मुलगी नेहमीप्रमाणे पाणी आणायला गेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. वळली. रांगेकडे पाहिलं. बोट पुढे केलं, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "एक, दोन, तीन." मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं. "चार."

आणि तिथे उभीच राहिली. बोट छातीवरच. एरवी ती पुढे 'पाच, सहा' करत गाणं संपवायची. आज थांबली होती. मी भाताचं पातेलं हातात घेऊन होतो, ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही. बायकोने हाताने मला हळूच खूण केली, बोलू नका.

मुलगी पुन्हा एकदा म्हणाली, या वेळी एकटाच शब्द. "चार."

आत गेली. ग्लासांचा आवाज झाला. बाहेर आली तेव्हा दोन ग्लास एका हातात, दोन दुसऱ्या हातात, छातीशी धरलेले. तिने ते एकेकापुढे ठेवले आणि शेवटचा आपल्या ताटाशी ठेवला. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. मग ती बसली आणि जेवू लागली.

मी जवळ जाऊन विचारलं, "किती आणलेस गं?"

"चार."

"मोजून दाखव."

तिने घास तोंडात असतानाच वर पाहिलं. "मोजले ना. चार हायत."

एवढंच झालं. रस्त्यावरून नेहमीसारखा टँकर गेला, धाकटीने पाणी सांडलं, मी फडकं आणायला गेलो. पण रिकाम्या जागी काहीतरी उभं राहताना मी पाहिलं होतं. आधी ते तिच्यात नव्हतं. आणि आता होतं. कोणी ते तिला दिलं नव्हतं. मी तर नक्कीच नाही. एखादी टाकी भरताना बाजूला काच असते, पातळी चढताना दिसते. इथे काचही नव्हती, तरी मी पाहिलं.

त्याहून नवल पुढे होतं. एक, दोन, तीन, चार, प्रत्येकाला तिला किती तरी दिवस लागले होते. मला वाटलं पाचाला आणखी महिना जाईल. पाचाला वेगळा वेळ लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाच मागितले, पाच दिले. सात मागितले, बोट लावत सात मोजून दिले. जणू चारापर्यंत ती एकेक पायरी चढून आली आणि मग जिनाच कळला. पंख्याची पाती, खिडकीचे गज, माझ्या शर्टाची बटणं, सगळे किती ते ती सांगू लागली, आणि शेवटचा आकडा म्हणताना आवाज जरा खाली आणायची, मोठी माणसं महत्त्वाचं बोलताना आणतात तसा.

त्या चार ग्लासांच्या दिवशी संध्याकाळी तिची आई आली तेव्हा मला कधी सांगतो असं झालं होतं. आणि सांगायला गेलो तर सांगण्यासारखं काय, "आज तिने चार ग्लास आणले."

आई हसली. "ग्लास तर घरी पन आनते, आबा."

"तसं नाही. तिला चार कळला."

आईला माझ्या बोलण्याचा अर्थ लागेना. मग बायको म्हणाली, "तिला काहीतरी मागून बघ. मोजके माग."

टोपलीच्या तळाशी विकायचे राहिलेले थोडे बोंबील होते. आईने टोपली खाली ठेवली आणि पोरीला म्हणाली, "आजीला चार बोंबील दे."

पोरीने वाकून टोपलीत बघितलं. एक काढला, ताटलीत ठेवला. दुसरा. तिसरा. चौथा ठेवल्यावर हात झटकले आणि म्हणाली, "चार." टोपलीत अजून बोंबील होते. तिने तिकडे पाहिलंही नाही.

 आईचे दिवस मासे मोजण्यात जात होते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, पैसे घेता घेता तिचे हात वाटे लावायचे आणि कधी चुकायचे नाहीत. ती पोरीच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला पन असंच कवातरी आलं असंल ना, आबा?"

"आलं असणार."

"मला आठवत नाय."

"मलाही नाही," मी म्हणालो.

आम्ही तिघं मोठी माणसं त्या दारात उभी होतो. आम्हा तिघांनाही हे कधीतरी, कोणत्या तरी ओट्यावर किंवा ताटापुढे असंच अचानक आलं होतं, आणि तो दिवस कोणालाच आठवत नव्हता. तसं म्हटलं तर आयुष्यात त्याहून मोठं मी काही शिकलो नव्हतो. बाकीचं सगळं त्याच्यावर उभं होतं.

त्या दोघी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "आपल्या दोन्ही पोरांना कधी आलं?"

तिला विचार करावा लागला नाही. "थोरल्याला मटार सोलताना. शेंग उघडली, मोजले, म्हणाला सहा, आणि स्वतःच दचकला. धाकटीला कपडे वाळत घालताना, चिमट्यांवर. तुम्ही सेकंडला होतात."

"एवढं लक्षात आहे तुला?"

"सगळ्यांचं आहे. इथे आलेल्या बहुतेक मुलांचं."

"कंटाळा नाही येत? तेच तेच."

"हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "तुमचं पातेलं मी बघितलं ना आज."

उन्हाळ्यात पाय पूर्ण बरा झाल्यावर मुलीच्या आईने आम्हाला दोघांना घरी जेवायला बोलावलं. आम्ही गेलो. त्यांचं घर किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत. जेवण व्हायचं होतं, म्हणून मुलगी मला हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन गेली. तिथे बांबू रोवून त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ताणल्या होत्या आणि दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. अशा ओळी लांबपर्यंत गेलेल्या. वारा सुटला की सगळे एकदम हलायचे.

मुलीने मोजायला सुरुवात केली. दोरीखालून चालत, वर बोट दाखवत. मी मागे. विसाच्या पुढचे आकडे तिला आता येत होते. एकोणतीसला थांबली, मी "तीस" म्हणालो, ती पुढे निघाली. एकोणचाळीसला थांबली, मी "चाळीस" म्हणालो. तिसऱ्यांदा मी पन्नास म्हणायच्या आत ती थांबली आणि मागे वळली.

"आबा, हे संपतात कुठं?"

तिची आई आम्हाला जेवायला बोलवायला आली होती. ती म्हणाली, "त्या बोटीपाशी संपतात बघ."

"बोंबील नाय. आकडे."

 मी खरं ते सांगितलं. "आकडे संपत नाहीत. कितीही मोठा आकडा घे, त्याच्या पुढे आणखी एक असतोच."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मी चेष्टा करत नाही याची खात्री केली. मग आईकडे पाहिलं.

"आबा सांगतात त तसंच असंल," आई म्हणाली.

मुलगी दोऱ्यांकडे बघत राहिली. ओळींच्या शेवटी ओली वाळू होती आणि तिच्या पलीकडे समुद्र. तिकडे बघतच ती म्हणाली, "मग ते वाळत नाय घालता येनार." आणि जेवायला घराकडे पळाली. मी आणि तिची आई तिथेच राहिलो. आईने पदराने तोंड झाकलं होतं. हसत होती की काय, मला कळलं नाही. माझी स्थिती काही वेगळी नव्हती. चार ग्लासांपासून इथवर यायला त्या पोरीला दोन-अडीच महिने लागले होते.

जूनमध्ये तिला शाळेत घेतलं. प्रवेशाच्या दिवशी आई दुपारी बाजारातून तशीच आमच्याकडे सांगायला आली. बाईंनी पोरीला एक ते वीस म्हणायला लावलं, तिने म्हटलं, झालं. "किती हायत ते कोनी विचारलंच नाय," आई जराशी हिरमुसून म्हणाली.

"विचारतील पुढे," बायको म्हणाली.

मी पाळणाघरात राहिलो. बायकोचा पाय आता ठीक आहे, पण पुढची खोली आम्ही वाटून घेतली आहे. सकाळ तिची, दुपारचं जेवण आणि त्यानंतरचं माझं. त्या मुलीच्या जागी एक नवीन मूल आलं आहे, त्याला अजून एकही येत नाही. हिंदी बोलणारा तो मुलगा मात्र अजून आमच्याकडे आहे. आकड्यांत तो सावकाश चालला आहे. त्याचं मन दुसरीकडे आहे.

परवा त्याने पाटी घेतली, कोपऱ्यात बसला आणि जीभ बाहेर काढून पुष्कळ वेळ काही गिरवत होता. मग पाटी घेऊन माझ्याकडे आला. पाटीवर वेड्यावाकड्या रेघा होत्या, पण डावीकडून उजवीकडे, ओळीत, आणि वर एक आडवी रेघ, आपण अक्षरांच्या डोक्यावर देतो तशी. अक्षर त्यात एकही नव्हतं.

"आबा, पढ़ो," तो म्हणाला. "मैंने क्या लिखा है?"

मी पाटी हातात घेतली. त्याला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, पण लिहिलेल्यात काहीतरी असतं आणि ते दुसऱ्याला बाहेर काढता येतं, एवढं त्याला कळलं होतं. मी चष्मा लावला आणि बायकोकडे पाहिलं.

"त्यालाच विचारा," ती म्हणाली.

"तूच वाच," मी त्याला म्हणालो.

त्याने पाटी परत घेतली. पहिल्या रेघेखाली बोट ठेवलं आणि ते सावकाश सरकवत, शब्द तोडत तोडत वाचलं, "मम्-मी आ-ए-गी." ओळ संपायच्या आधी वाक्य संपलं. थोड्या रेघा उरल्या. तो त्यांच्याकडे बघत थांबला, विचार केला, आणि बोट पुढे सरकवत म्हणाला, "स-मो-सा ला-ए-गी."

मी होय म्हणालो. तसंच लिहिलं होतं.